छोट्या गावात कामाला माणूस शोधताना

‘इथं माणसंच मिळत नाहीत हो.’ छोट्या व्यवसायांचे हिशेब आणि पगारपत्रकं लिहिणं हे माझं काम, त्यामुळे हे वाक्य कानावर सारखं येतं. मी विचारते, काम नेमकं काय आहे? उत्तर येतं, ‘सगळंच. पडेल ते.’ खरी अडचण इथे आहे. काम पडेल ते, सुट्टी जमेल तेव्हा, पगाराचं नंतर बघू, अशा बोलीवर घरची जबाबदारी असलेला चांगला माणूस येत नाही. मोठ्या शहरात एक गेला तर दुसरा उभा असतो. छोट्या गावात जेवढी माणसं आहेत तेवढीच आहेत. त्यामुळे मनातल्या कामासाठी माणूस शोधत बसण्यापेक्षा, गावात जी माणसं आहेत त्यांना करता येईल असं काम आखायला हवं.

त्यासाठी कुणालाही विचारण्याआधी कागद घेऊन त्या माणसाचा एक दिवस लिहून काढा. ‘सहायक’ वगैरे पदनाम नको. शटर कोण उघडणार, मालाची गाडी किती वाजता येते, नग मोजून कोण घेणार, खोकी किती जड असतात, गल्ल्यावर कधी बसायचं, रात्रीचा हिशेब जुळवायला किती वेळ लागतो, हे सगळं त्यात येऊ द्या. लिहिताना लक्षात येतं की गर्दी सकाळचे दोन-तीन तास आणि संध्याकाळी असते, आणि मधल्या वेळेसाठी आपण उगाच एक माणूस अडकवून ठेवणार होतो.

मग वेळा ठरवा. शेवटची बस आणि शाळा सुटण्याची वेळ तुमच्यासाठी बदलणार नाही, तुमच्या कामाच्या वेळा बदलू शकतात. माझ्याकडे हिशेब असलेल्या एका दुरुस्तीच्या वर्कशॉपला दिवसभर काउंटर सांभाळणारं कुणी मिळत नव्हतं. मालकीणबाईंनी त्या कामाचे दोन तुकडे केले. मुलं शाळेत असतात त्या वेळेत एक बाई येऊ लागल्या, आणि दुपारनंतर कॉलेजमधून सुटलेला एक मुलगा. दोघांच्या वेळा अर्ध्या तासापुरत्या एकमेकींवर येतात. त्या अर्ध्या तासात कुणाची वस्तू आली, कुणाचे पैसे राहिले, हे सांगून होतं. त्या पगारपत्रकात तीच दोन नावं अजून टिकून आहेत.

माणूस शोधताना आपण आधी जवळच्यांनाच विचारतो. पण जवळच्यांना ठाऊक असलेली माणसं बहुधा आपल्यालाही ठाऊक असतात. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं, तेव्हा बहुतेकांना ती बातमी रोजच्या भेटीतल्या मित्राकडून आलेली नव्हती, अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून आली होती. तेव्हा शब्द टाकायचा तो माल पोचवणाऱ्या ड्रायव्हरकडे, वाचनालयात बसणाऱ्या बाईंकडे, शाळेच्या शिपायाकडे, गाव सोडून गेलेल्या पण आईवडील इथेच असलेल्या एखाद्याकडे. अशा माणसांपैकी कुणीतरी परत यायच्या विचारात असतं, आणि ते आपल्या बैठकीतल्या कुणालाच माहीत नसतं. जोडीला एक साधा फलकही लावा, त्यावर कामाच्या वेळा आणि पगार स्पष्ट लिहा. पगार लपवला की लोक तो कमीच धरतात.

आता पारख. ‘तीन वर्षांचा अनुभव’ ही अट मी तर काढूनच टाकायला सांगते. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. अनुभवाची नुसती वर्षं मोजून पुढे काम कसं होईल याचा अंदाज फारसा येत नाही, प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेतला तर त्याहून बराच चांगला येतो, असं त्यात दिसलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट या मानसशास्त्रज्ञानं आणि सहकाऱ्यांनी कोणत्या पद्धतीनं किती अचूक अंदाज येतो याचे आकडे पुन्हा तपासले. बरेचसे आकडे खाली आले, पण सगळ्यांना तेच ठरलेले प्रश्न विचारून घेतलेली मुलाखत सगळ्यात वर राहिली. छोट्या व्यवसायाला दोन्ही गोष्टी सहज जमतात.

नमुना कसा घ्यायचा ते सांगते. मालाची दहा खोकी ठेवा, हातात चलन, म्हणजे आलेल्या मालाची यादी, द्या, आणि चलनात एका वस्तूचा नग मुद्दाम एकनं जास्त लिहा. ‘माल उतरवून घ्या,’ एवढंच सांगा आणि बाजूला व्हा. कुणी न बघता सही करून मोकळं होतं. कुणी मोजतं, गोंधळतं, पुन्हा मोजतं आणि येऊन विचारतं, ‘यात एक कमी आहे, काय करू?’ माणूस हवा तो हाच. हे विचारणं शिकवायला फार अवघड जातं; बिलिंगचं सॉफ्टवेअर आठवड्यात शिकवता येतं. आणि या अर्ध्या दिवसाचे पैसे द्या, माणूस ठेवला नाही तरी. फुकट काम करून घेतल्याची गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर होते, आणि ती व्हायलाच हवी.

शिफारशीचं प्रकरण नाजूक असतं. सोयऱ्याचा मुलगा, मोठ्या गिऱ्हाइकाची भाची. सरळ नाही म्हणणं जड जातं, म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना सांगून टाका की जो येईल त्याला तेच प्रश्न आणि तीच खोकी. मग निकाल तुमच्या मर्जीचा राहत नाही. ज्यांना घेणार नाही त्यांना स्वतः भेटून किंवा फोन करून कळवा, दोन दिवसांच्या आत. उद्या तीच माणसं तुमच्याकडे खरेदीला येणार आहेत, आणि पुढच्या वेळी कदाचित त्यांच्यातलंच कुणी लागेल. ‘कळवतो’ म्हणून टांगतं ठेवणं मला मनापासून खटकतं. नोकरीची वाट बघणारं घर दिवस मोजत असतं.

वयाची खात्री कागद बघूनच करा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९७३ चा १३८ क्रमांकाचा करार कामासाठी साधारणपणे १५ वर्षांची आणि धोक्याच्या कामासाठी १८ वर्षांची मर्यादा घालतो. देशोदेशीचे कायदे यावर आणखी अटी घालतात. घरोब्यातलं पोर आहे म्हणून यात सूट नाही.

ठरलेलं सगळं एका पानावर लिहा आणि दोघांनी सह्या करा: पगार, तो कोणत्या तारखेला, साप्ताहिक सुट्टी, जादा वेळेचे पैसे, आणि उचल. उचलीवरून जेवढे संबंध तुटलेले मी बघितलेत तेवढे चोरीवरून नाहीत. जास्तीत जास्त किती उचल द्यायची आणि दरमहा किती कापायची, हे आधीच लिहिलेलं असलं की मागणाऱ्याला संकोच वाटत नाही आणि देणाऱ्याची चिडचिड होत नाही. प्रत्येक उचलीपुढे तारीख आणि सही घ्या, भाऊ असला तरी.

पहिला महिना नव्या माणसाला एकटं सोडू नका. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं बसा आणि काय अडतंय ते विचारा. गिऱ्हाइकासमोर चूक काढू नका. समोरचं गिऱ्हाईक त्याच्या शेजारचंच असतं. आणि महिनाभरानं तो दिवस लिहिलेला कागद पुन्हा काढा. त्यात नसलेली जी कामं त्याच्या अंगावर आली असतील ती त्यात लिहा, आणि पगाराचा आकडा त्या वाढलेल्या यादीशी लावून बघा.