रोड बाइकची फ्रेम-फोर्क बदलताना आधी चाकं मोजा

जुनेच पार्ट नव्या फ्रेमवर चढवायचे असतील तर रंगाआधी मापं बघा. मागच्या ड्रॉपआउटमधलं (मागचं चाक जिथे बसतं त्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं) अंतर रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर दाबणाऱ्या ब्रेकच्या) रोड बाइकला बहुधा १३० मिमी असतं, डिस्क ब्रेक आणि थ्रू-अ‍ॅक्सलला (चाकातून आरपार जाणाऱ्या आसाला) १४२. इथे चुकलात तर चाकं, ब्रेक सगळंच नवं घ्यावं लागतं आणि स्वस्तातली फ्रेम महागात पडते.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, शक्यतो फ्रेमसोबतचाच घ्या. वेगळा घेतलात तर स्टीअररचं (फोर्कच्या वर जाणाऱ्या नळीचं) माप तपासा: सरळ २८.६ मिमी, की टेपर्ड, म्हणजे खाली रुंद होत दीड इंची? सरळ २८.६ मिमी स्टीअररसाठीच्या हेडट्यूबमध्ये (स्टीअरर जातो त्या फ्रेमच्या पुढच्या नळीत) टेपर्ड फोर्क जातच नाही. सेकंडहँड फोर्कचा स्टीअरर बहुधा आधीच कापलेला असतो. त्याची लांबी पुरते का बघताना हेडट्यूब, हेडसेट (तिथली बेअरिंग), स्पेसर (मधल्या कड्या) आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) यांची उंची बेरजेत धरा. नवा कापताना घाई नको, आखूड झाला की फोर्क भंगारात.

बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस फिरतो ती बेअरिंग) थ्रेडेड, म्हणजे आट्यांचं, ६८ मिमीचं बरं. दाबून बसवलेल्या प्रेस-फिटची करकर नागपूरच्या धुळीत लवकर सुरू होते. आणि आपल्या सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवरून २३ मिमीचे टायर हाडं खिळखिळी करतात, म्हणून किमान २८ मिमी टायर बसून दोन्ही बाजूंना ४ मिमी जागा उरेल अशीच फ्रेम निवडा.