क्रूझरची पॉवर वाढवायचीय, तेही कमी खर्चात? आधी या चुका टाळा

नवीन क्रूझर बाइक घेतली की सुरुवातीला आवाजावरच जीव असतो, मग एखाद्या ओव्हरटेकला थ्रॉटल पिळूनही गाडी आळसावल्यासारखी उठते आणि डोक्यात किडा शिरतो की हिला अजून पॉवर पाहिजे. इथून जी खरेदी सुरू होते ती बहुतेकांची आधी कळस मग पाया अशीच असते. पाईप, फिल्टर, कुठलीतरी चिप, आणि सगळं बसवून झाल्यावर गाडी होती त्यापेक्षा वाईट चालते.

पहिली चूक म्हणजे आहे ती पॉवर चाकापर्यंत पोचतेय का हे बघायचंच नाही. केबलवाला थ्रॉटल असेल तर इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा, कोणाला तरी ग्रिप शेवटपर्यंत पिळून धरायला सांगा आणि आतली बटरफ्लाय, म्हणजे हवेची वाट उघडणारी चकती, बघा (कार्ब्युरेटरमध्ये व्हॅक्यूमवर उचलणारी स्लाइड असते ती नाही, बटरफ्लायच). ती हवेच्या वाटेला समांतर होऊन पूर्ण उघडली पाहिजे. केबल ढिली असेल तर नाही उघडत, म्हणजे फुल थ्रॉटल तुम्ही कधी वापरलेलाच नाही आणि पॉवर कमी म्हणून बोंबलताय. ॲडजस्टर फिरवायला पाच मिनिटं लागतात, फक्त नंतर इंजिन सुरू करून हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवा आणि आयडल (थ्रॉटल न देता असतो तो आरपीएम) वाढत नाही ना ते बघा.

तसंच क्लच. टॉपच्या गियरमध्ये मध्यम आरपीएमवर असताना एकदम फुल थ्रॉटल द्या, आरपीएम चढला पण स्पीड त्या मानाने चढला नाही तर क्लच स्लिप होतोय. प्लेट्स बदलायच्या आधी लिव्हरला थोडा फ्री प्ले (मोकळी हालचाल) आहे का बघा, आणि ऑइल कुठलं टाकलंय ते आठवा. बऱ्याच बाइक्सचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यात कारचं घर्षण कमी करणारं ऑइल गेलं की क्लच घसरतो, तिथे डब्यावर जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं ऑइलच लागतं. बाकी टॅपेट सेटिंग, प्लग, चेन, टायरमधली हवा, ब्रेक चिकटतोय का, हे सगळं माहीत असतं सगळ्यांना, करत कोणी नाही.

आता पाईप. स्टॉक सायलेन्सर काढून सरळसोट जाड पाईप लावला की आवाज दुप्पट होतो आणि कानाला वाटतं पॉवर पण वाढली. क्रूझरचं इंजिन असतं खालच्या आणि मधल्या आरपीएमला टॉर्क (ओढण्याची ताकद) देण्यासाठी, आणि एक्झॉस्टमधल्या प्रेशरच्या लाटा पाईपच्या लांबी-जाडीप्रमाणे परत येत असतात, त्यामुळे उघड्या पाईपने वरच्या टोकाला थोडंफार मिळालं तरी मधे, जिथे आपण रोज चालवतो, तिथेच खड्डा पडू शकतो. म्हणजे पैसे देऊन ओव्हरटेकची ताकद घालवायची. ‘बॅक प्रेशर पाहिजेच’ म्हणणारे पण अर्धवटच सांगतात बरं का, अडथळा कोणत्याच इंजिनला नको असतो, लाटेचा मेळ बसायला हवा. आवाजाचे आणि प्रदूषणाचे नियम, वॉरंटी, हे वेगळंच, ते घ्यायच्या आधी बघा.

आणि पाईप-फिल्टर बदलून फ्यूलिंगला, म्हणजे हवेसोबत किती पेट्रोल जातं त्याला, हात न लावणं ही यातली सगळ्यात महाग चूक. ‘ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपोआप ॲडजस्ट करतो’ हे अर्धंच खरंय. साधा ऑक्सिजन सेन्सर फक्त १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाच्या आसपासच नीट सांगू शकतो, त्यामुळे शांत क्रूझिंगला ईसीयू त्याचं ऐकतो, पण फुल थ्रॉटलला पॉवरसाठी साधारण १३ च्या आसपासचं श्रीमंत (जास्त पेट्रोलचं) मिश्रण लागतं आणि तिथे तो आतल्या मॅपवर, म्हणजे आधीच भरलेल्या आकड्यांवर, चालतो. हवा जास्त आली आणि मॅप जुनाच, की मिश्रण लीन (पेट्रोल कमी पडलेलं), गाडी गरम, थ्रॉटल उघडताना अडखळते. म्हणून बजेट ठरवताना ट्यूनिंगचा (मॅप नव्याने जुळवण्याचा) खर्च धरूनच ठरवा, तेवढे पैसे नसतील तर पाईप पण नको. कार्ब्युरेटर असेल तर स्वस्तात सुटतं: आयडल आणि जरासा थ्रॉटल पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) बघतो, मधलं नीडल, फुल थ्रॉटल मेन जेट. जिथे अडखळते तिथलाच पार्ट बदलायचा, मधे त्रास आहे आणि मेन जेट मोठा केला असं नको.

थ्रॉटल सोडल्यावर फटफट आवाज येतो म्हणून लगेच जेट बदलू नका. आधी एक्झॉस्टचे जॉइंट बघा. थंड इंजिन सुरू करून जॉइंटवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की लीक. काळा डाग पण दिसतो कधीकधी. ऑक्सिजन सेन्सरच्या आधी लीक असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर म्हणतो लीन आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि तुम्ही भलतंच शोधत बसता. गॅस्केट मात्र पाईप काढला की नवीनच टाका.

स्वस्तातली ‘पॉवर चिप’ म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळसं म्हणजे हवेच्या तापमानाच्या सेन्सरला फसवणारा एक रेझिस्टर. ईसीयूला वाटतं हवा गार आहे, तो सरसकट पेट्रोल वाढवतो, क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सर ते परत कमी करतो. झालं, पैसे पाण्यात. जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलचंही तसंच, ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला (मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याला) विरोध. कंपनीने सांगितलेल्या पेट्रोलवर इंजिन नॉक होत नसेल तर महाग पेट्रोलने फारसं काही हाती लागत नाही.

मग कमी पैशात काय? चेनवाली गाडी असेल तर पुढचं स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) एका दाताने लहान करा. १७ चं १६ केलं की प्रत्येक गियरमध्ये चाकावरचा टॉर्क ६ टक्क्यांच्या आसपास वाढतो. इंजिनची पॉवर तीच राहते हे खरंय, पण अंगाला जी ओढ जाणवते ती हीच. बदल्यात त्याच स्पीडला ४००० च्या जागी ४२५० आरपीएम, टॉप स्पीड आणि मायलेज थोडं कमी, आणि स्पीड गिअरबॉक्सवरून मोजणाऱ्या गाडीत मीटर जास्त दाखवणार. दोन दात कमी करायचा मोह नको, चेन जास्त मुडपते आणि स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) घासू शकते. बेल्टवाल्या गाडीत पुली बदलणं खर्चिक, शाफ्टवालीत हा विषयच नाही.

काहीही करा, एका वेळी एकच बदल. आणि मोजा. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर एकाच गियरमध्ये ६० च्या स्पीडवरून १०० वर जायला किती वेळ लागतो त्याचा हँडलवरच्या फोनने व्हिडिओ घ्या, बदलाआधी आणि नंतर, तोच रस्ता, तशीच हवा, तोच रायडर, आणि दोन्ही दिशांनी, कारण वारा आणि उतार आकडा पार बदलून टाकतात. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) गेलात तर दोन्ही रन त्याच मशीनवर घ्या, वेगवेगळ्या डायनोचे आकडे एकमेकांशी लावू नका.

एक राहिलंच, वजन. गाडी आणि रायडर मिळून ३८० किलो धरा, त्यावर गार्ड, कॅरियर, बॅकरेस्ट, रिकाम्या साइड बॅगा असं १५ किलो लादलं की ४ टक्के वजन वाढलंच. म्हणजे स्प्रॉकेटने कमावलेलं अर्ध्याहून जास्त तिथेच गेलं, तेव्हा लांबच्या राइडला जायचं नसेल तर त्या बॅगा घरीच काढून ठेवा.