बॅटिंगच्या सरावात मुले नुसती उभी राहतात? सॉफ्टबॉल प्रशिक्षकांनो, या चुका टाळा

जळगाव, अमरावतीपासून पुण्यापर्यंत महाराष्ट्रातील अनेक शाळा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत सॉफ्टबॉलचे संघ उतरवतात. त्यांच्या मैदानांवर बॅटिंगचा सराव बहुधा एकाच पद्धतीने चालतो. होम प्लेटवर एक मुलगी बॅट घेऊन उभी असते, सर किंवा मॅडम समोरून चेंडू टाकतात आणि उरलेला संघ मैदानभर पसरलेला असतो. याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. संघात 18 खेळाडू असतील, प्रत्येकीला 10 चेंडू मिळत असतील आणि एका चेंडूमागे सुमारे 15 सेकंद जात असतील, तर एकीची पाळी अडीच मिनिटांत संपते. हेल्मेट आणि जागा बदलण्यात आणखी अर्धे मिनिट जाते. म्हणजे 54 मिनिटांच्या सरावात प्रत्येकीच्या वाट्याला बॅटिंगची तीन मिनिटे येतात आणि उरलेली 51 मिनिटे ती आपल्याकडे चेंडू येण्याची वाट पाहते. इतक्या वेळात मुले गप्पा मारू लागली किंवा मातीत रेघोट्या ओढू लागली, तर तो शिस्तीचा प्रश्न नसून सरावाच्या मांडणीचा प्रश्न आहे, आणि ओरडून तो सुटत नाही.

एकच प्लेट, एकच रांग

सर्वांत मोठी चूक हीच आहे आणि तिच्यावरचा उपायही फारसा खर्चिक नाही. समजा 16 खेळाडू आहेत. त्यांचे चारचे चार गट करावेत आणि प्रत्येक गटाला दहा मिनिटे एका जागी ठेवून मग शिट्टीवर पुढे सरकवावे. पहिला गट होम प्लेटवर असतो. त्यातील एक बॅटिंग करते, एक पुढच्या पाळीसाठी तयार राहते आणि दोघी पहिल्या व दुसऱ्या बेसवर (धावताना गाठायच्या ठिकाणी) धावक म्हणून थांबून, चेंडू जमिनीवरून गेला की हवेत उडाला हे पाहून धावायचे की नाही ते ठरवतात. दुसरा गट इनफिल्डमध्ये (बेसच्या आसपासच्या आतल्या भागात) खराखुरा खेळ खेळतो, म्हणजे आलेला चेंडू अडवून योग्य बेसवर फेकतो. तिसरा गट जाळीसमोर दोन टींवर (चेंडू ठेवण्याच्या उभ्या दांड्यांवर) जोडीने स्विंग करतो आणि चौथा बाजूने टाकलेल्या टॉसवर. या मांडणीत चाळीस मिनिटांत प्रत्येकीचे 60 ते 70 स्विंग सहज होतात. रांगेच्या पद्धतीत ते 10 होत होते.

टी विकत घेतली नसली तरी अडत नाही. जड बुडाच्या पाइपवर रबरी नळीचा तुकडा बसवला की काम भागते. फक्त तिची उंची मुलीच्या कमरेच्या जवळपास यावी आणि चेंडू प्लेटच्या थोडा पुढे राहावा. जाळी नसेल तर जुनी ताडपत्री सैल टांगावी, कारण ताणून बांधलेल्या कापडावरून चेंडू उसळून मुलीच्याच अंगावर येतो. चेंडू कमी असतील तर टॉसच्या ठिकाणी टेनिसचे चेंडू चालतात. ते लहान असल्यामुळे नजर नेमकी बसते, आणि नंतर सुमारे 30 सेंटिमीटर घेराचा सॉफ्टबॉल मुलांना मोठा वाटू लागतो.

मुलांनाच पिचिंग करायला लावणे

हात पूर्ण फिरवून खालून चेंडू टाकण्याची पिचिंग शिकायला कठीण असते. महिला आणि मोठ्या मुलींच्या सामन्यात पिचर प्लेटपासून 13.11 मीटरवर उभी राहते आणि तेवढ्या अंतरावरून नवशिक्या पिचरचे पाचपैकी तीन-चार चेंडू प्लेटच्या बाहेर जाणे स्वाभाविक आहे. त्यामुळे बॅटर उभी राहते, फील्डर उभे राहतात आणि बिचारी पिचर सर्वांसमोर खजील होते. पिचर आणि कॅचर यांचा सराव वेगळा, मैदानाच्या एका कडेला घ्यावा. बॅटिंगच्या वेळी प्रशिक्षकाने संरक्षक जाळीच्या आडून, सहा-सात मीटरवरून सोपा आणि सरळ चेंडू टाकावा. तशी जाळी नसेल तर समोरून टाकू नये. बॅटरच्या पुढे तिरकस, दोन-तीन मीटरवर गुडघा टेकून बाजूने टॉस द्यावा. मारलेला चेंडू टॉस देणाऱ्याच्या दिशेने जाऊ नये, एवढा कोन राखलाच पाहिजे.

क्रिकेटच्या सवयी न ओळखणे

आपल्याकडे सॉफ्टबॉल खेळायला आलेल्या मुलाच्या हातात त्याआधी बहुतेक वेळा क्रिकेटची बॅट असते. मूल बॅट सरळ उभी आणते, चेंडू टप्पा पडून येईल अशी वाट पाहते आणि मागच्या बाजूला हलकेच वळवून धाव काढू पाहते. सॉफ्टबॉलमध्ये मागे गेलेला तो चेंडू फाउल ठरतो, कारण होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन रेषांमधल्या काटकोनातच चेंडू जावा लागतो. पुढची सवय धोकादायक आहे: मूल बॅट हातात घेऊनच पहिल्या बेसकडे धावते किंवा घाईत ती मागे भिरकावते. म्हणून अगदी टीवरच्या सरावातही चेंडू मारला की बॅट शेजारी जमिनीवर सोडायची आणि तीन-चार पावले धावायचे, हे दर वेळी करून घ्यावे. क्रिकेटमधून आलेल्या मुलांची नजर आणि हातांचा वेग मात्र बऱ्याचदा उत्तम असतो. त्यांना चुकीचे ठरवण्याऐवजी बॅट खांद्याच्या उंचीवरून आडवी कशी आणायची एवढेच दाखवले, तर ती फार लवकर शिकतात.

एका स्विंगला पाच सूचना

“कोपर वर, नजर चेंडूवर, कंबर फिरव, मागचा पाय वळव, डोके हलवू नकोस” हे सारे एका दमात ऐकलेले मूल काहीच करू शकत नाही, आणि त्या सूचना देईपर्यंत बाकीचे खेळाडू थांबून राहतात. त्या दिवशीची एकच गोष्ट ठरवावी आणि चारही ठिकाणी तिच्याविषयीच बोलावे. स्विंग बिघडलेला दिसला तर आधी बॅट तपासावी. शाळेत बहुधा दोन-तीनच बॅट असतात आणि सहावीतल्या मुलीलाही दहावीतल्या मुलीचीच बॅट उचलावी लागते. ती जड असेल तर मुलीने दोन्ही हात बॅटच्या मुठीच्या खालच्या टोकापासून चार बोटे वर धरावेत. पुष्कळदा यानेच स्विंग सुधारतो.

वाट पाहणाऱ्यांच्या हाती बॅट

कोणत्याही कोपऱ्यात उभे राहून बॅट फिरवू देणे ही चूक एकदाही परवडणारी नाही. बॅट फिरवण्याच्या जागा चुन्याने आखाव्यात, त्या वर्तुळाबाहेर बॅट नेहमी जमिनीवर ठेवलेली असावी आणि टीसमोरचे चेंडू शिट्टी वाजल्यावर सर्वांनी एकदमच गोळा करावेत. प्लेटवर बॅटिंग चालू असताना दुसऱ्या कोणी इनफिल्डमध्ये वेगळे चेंडू मारू नयेत, कारण दोन दिशांनी येणाऱ्या चेंडूंवर मुलांची नजर राहत नाही.

कमकुवत खेळाडूला शेवटची पाळी

अंधार पडू लागला की सराव आवरतो आणि दर वेळी त्याच दोन-तीन मुलींची बॅटिंग राहते. कोणी तक्रार करत नाही, पण महिनाभराने त्या मुली मैदानावर येणे बंद करतात. सुरुवात कोणत्या गटाने करायची हा क्रम रोज बदलावा. गुण मोजायचे असतील तर केवळ लांब फटक्यांचे मोजू नयेत. जमिनीवरून जोरात गेलेला चेंडू, नीट टाकलेला बंट (बॅट न फिरवता हलकेच समोर टाकलेला चेंडू) आणि बाहेरचा चेंडू ओळखून सोडून देणे, या प्रत्येकाला एक गुण द्यावा.

नऊच जण आले तर

परीक्षेच्या दिवसांत किंवा पावसानंतर उपस्थिती घटते आणि मग पुन्हा रांग लावली जाते. त्याऐवजी तीन-तीन जणींचे तीन संघ करावेत. एक संघ बॅटिंग करतो, दोन संघ मिळून फील्डिंग करतात आणि प्रशिक्षक टॉस टाकतात. प्रत्येक बॅटरची पाळी एक बॉल (बाहेर गेलेला चेंडू), एक स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडलेला योग्य चेंडू) अशा गणनेने सुरू करावी, म्हणजे कोणीही चेंडू नुसते सोडत बसत नाही. तिघीही बेसवर पोहोचल्या तर सर्वांत पुढची धावक परत बॅटिंगला येते आणि तिच्या जागी काल्पनिक धावक धरली जाते. तीन बाद झाले की संघ बदलतात; फील्डरनी धावत आपापल्या जागा घ्याव्यात आणि पुढच्या बॅटरने हेल्मेट आधीच घातलेले असावे.