व्हरोआ हटत नाही? औषध बदलण्याआधी या चुका टाळा

व्हरोआ म्हणजे मधमाश्यांवर जगणारे बारीक परजीवी कोळी. औषध दिलं, औषधाच्या पट्ट्या टांगल्या, तरी महिन्याभरात मधमाश्यांच्या पेटीपुढे चुरगळलेल्या पंखांच्या माश्या सरपटताना दिसतात. औषधाला दोष देण्याआधी एक आठवून बघा: उपचार केला तेव्हा पोळ्यात झाकलेली पिल्लावळ, म्हणजे मेणाने बंद केलेल्या घरांत वाढणारी पिल्लं, होती का?

पिल्लावळ असताना बहुतेक कोळी माश्यांच्या अंगावर नसतातच. ते मेणाच्या झाकणाखाली, कोषांजवळ वाढत असतात. ऑक्झॅलिक आम्ल हे कोळ्यांवरचं औषध या झाकणापलीकडे पोचत नाही. म्हणून भरल्या पोळ्यात त्याचा एकच हात देणं ही मला सर्वांत महागात पडणारी चूक वाटते. कामकरी माशीचं घर सुमारे १२ दिवस बंद राहतं. ते उघडलं की नवे कोळी हजर! तेच आम्ल नुकत्याच पेटीत बसवलेल्या थव्याला, किंवा राणी २४-२५ दिवस कोंडून पिल्लावळ संपवल्यावर द्या. फरक लगेच कळतो.

फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणातून आत शिरते, हे त्याचं मोठं बळ. पण पारा ३० अंशांच्या आसपास गेला की राणी आणि अळ्या दगावू शकतात. थायमॉलचं (ओव्याच्या सत्त्वाचं) उलट आहे, थंडीत ते पुरेसं उडतच नाही. लेबलवरचं तापमान वाचल्याशिवाय यातलं काहीच उघडू नका.

न मोजता उपचार करणं ही दुसरी चूक. पिल्लावळीच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माश्या अल्कोहोलमध्ये हलवून धुवा. राणी त्यात गेली नाही ना, हे दोनदा बघा. ९ कोळी निघाले तर प्रमाण ३ टक्के. आता थांबू नका. माश्या मारायला जीव धजत नसेल तर पिठीसाखरेत घोळवूनही मोजता येतं, फक्त आकडा थोडा कमी येऊ शकतो.

उपचारानंतर पुन्हा मोजा. आकडा उतरला नसेल तर पट्ट्या पिल्लावळीच्या मधोमध होत्या का, शेजारच्या पेट्यांनाही त्याच वेळी औषध दिलं होतं का, हे तपासा. दोन्ही नीट असेल तर कोळी त्या औषधाला सरावले असावेत, पुढच्या खेपेला वेगळ्या गटातलं औषध घ्या. मुदत संपलेली पट्टी आत राहू देणं म्हणजे त्यांना सरावाची संधीच देणं.

नरांची पिल्लावळ कापून काढणं चांगलं, कारण कोळ्यांचा ओढा तिकडेच जास्त. मात्र अंडं घातल्यापासून २४व्या दिवशी नर बाहेर पडतो. त्याआधी नरांच्या पिल्लावळीची चौकट काढायला विसरलात, तर कोळी तुम्हीच पोसलेत.