माळरानावर बिनकाट्याचा निवडुंग

सिन्नर, येवला, नांदगावकडच्या मुरमाड रानात बांधाच्या कडेला बिनकाट्याचा फड्या निवडुंग जरूर लावा. सांध्यावर कापलेला फड (निवडुंगाचा पानासारखा चपटा, जाड भाग) लगेच पुरू नका, सावलीत दहा-बारा दिवस ठेवा. कापलेली जागा नखाला कोरडी, चिवट लागली की तिसरा हिस्सा मातीत गाडा. सुरुवातीला पाणी बेताचंच, नाहीतर तो बुडातून सडतो.

फडात जवळपास 90 टक्के पाणी असतं, म्हणून जनावरांना नुसता न देता कडब्याच्या कुट्टीत मिसळून द्या. उरलेले फड बारीक चिरून शेणात कालवले की गोबरगॅसलाही चालतात. मेक्सिकोत तर कोवळ्या फडांची भाजी रोजच्या जेवणात असते.

मात्र कापल्यावर पांढरा चीक येणारा त्रिधारी निवडुंग वेगळा, विषारी. तो गव्हाणीत अजिबात नको.