सारखी वाटणारी इंग्रजी व्यंजनं शिकवताना या चुका टाळा

शिक्षक 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' दहादा म्हणून दाखवतात, मुलं दहादा मागून म्हणतात आणि अकराव्या वेळी दोन्ही शब्द पुन्हा एकच होतात. यात दोष जिभेचा कमी, कानाचा जास्त. मराठीत 'व' एकच असल्यामुळे कान दोन्ही ध्वनी एकाच खणात टाकून मोकळा होतो.

ऐकायला शिकवण्याआधी म्हणायला लावणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया जातो. फळ्यावर १ आकड्याखाली पश्चिम दिशा आणि २ खाली बंडी असं चित्र काढा. तोंडासमोर कागद धरा, म्हणजे ओठ पाहून उत्तर देता येणार नाही. दहा शब्द म्हणा. मुलांनी एक किंवा दोन बोटं वर करायची. नुसता अंदाज मारला तरी पाचाच्या आसपास उत्तरं बरोबर येतात, म्हणून दहापैकी आठ आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चाचणी फसते ती दोन कारणांनी. एक-दोन, एक-दोन असा क्रम ठेवला की मुलं क्रमच ओळखतात. शिवाय जोडी म्हणताना आपला आवाज पहिल्या शब्दावर चढतो आणि दुसऱ्यावर उतरतो. मग हुशार मुलं व्यंजन ऐकायचं सोडून चाल ऐकतात. १-१-२-१-२-२-२-१-२-१ असा क्रम आधीच लिहून ठेवा आणि प्रत्येक शब्द सुटा, एकाच सुरात म्हणा.

देवनागरी अक्षरावर विसंबणं

'व्हॅन' लिहिलं की मूल 'व्हायला'मधला 'व्ह' म्हणतं, म्हणजे हवा सोडतं. इंग्रजी ध्वनीत 'ह' नाहीच. वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेला हलके टेकवायचे आणि आवाज चालू ठेवायचा. ओठाला गुदगुल्या झाल्या की जमलं. 'वेस्ट'मध्ये दात कुठेच लागत नाहीत. शिट्टी वाजवतो तसे ओठ गोल करून 'ऊ-एस्ट' म्हणायला लावा आणि मग वेग वाढवा. छोटा आरसा हाताशी असला तर दात दिसले की नाही हे मूल स्वतःच तपासतं.

'थ'चा घोटाळा वेगळा. 'थाळी'तला 'थ' क्षणात फुटतो, तो ताणता येत नाही. 'थिन'मधला इंग्रजी ध्वनी मात्र तीन सेकंद ताणता यायलाच हवा, कारण त्यात हवा अडत नाही, फटीतून सरकत राहते. जिभेचं टोक वरच्या दातांना हलकं लावा, दाबू नका. अख्खी जीभ बाहेर काढायला सांगितली तर वर्ग हसतो आणि उच्चारही बिघडतो. ताणून जमल्यावर त्यातच आवाज मिसळला की 'देन'चं पहिलं व्यंजन तयार होतं.

'झ' सर्वांत मजेशीर. 'माझा' म्हणा, मग 'माझी' म्हणा: 'माझी'त जीभ मागे, टाळूकडे सरकते. म्हणूनच 'झू' बऱ्यापैकी जमतं, पण 'झिप' आणि 'झेब्रा' बिघडतात. उपाय 'स'पासून सुरू होतो. 'सससस' म्हणत राहायचं, जीभ न हलवता घशातला आवाज चालू करायचा, गळ्यावर बोटं ठेवून थरथर तपासायची आणि मग 'इप' जोडायचं. 'सीट'चं 'शीट' होत असेल तर तिथेही जीभच मागे गेलेली असते. ओठ हसल्यासारखे पसरून म्हणायला लावा.

'पिन' ऐकणाऱ्याला 'बिन' वाटते, कारण आपला 'प' कोरडा असतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धरा; 'पिन'ला ती हलली पाहिजे, 'स्पिन'ला नाही.

स्पेलिंगला ध्वनी समजणं

टी-एच दिसलं की 'थ' हा नियम 'थॉमस' आणि 'थेम्स' या नावांतच कोसळतो. तिथे उच्चार टी अक्षराचा आहे. अनेकवचनाचा एस 'कॅट्स'मध्ये 'स' असतो, 'डॉग्ज'मध्ये घशातून येतो. 'चा', 'ची', 'चे' या अर्थाच्या ओ-एफ शब्दाच्या शेवटी व्हीचा ध्वनी आहे, दिवा बंद करण्याच्या 'ऑफ'मध्ये एफचा. मराठीत दोन्ही 'ऑफ' लिहिले जात असल्याने ही चूक शिक्षकांच्याही तोंडी बसलेली असते.

नवा ध्वनी जमला की पाठ संपवणं

व्ही शिकवल्याच्या दुसऱ्या दिवशी 'वॉटर'सुद्धा दात लावून म्हटलं जातं. ही पीछेहाट नाही, मूल नवा ध्वनी सगळीकडे लावून बघतंय. अशा वेळी दोन्ही ध्वनी एकाच वाक्यात द्या: 'व्हेरी वेट', 'व्हाइट व्हॅन'. दुसऱ्या जोडीत पहिला शब्द पांढऱ्या रंगाचा, म्हणजे त्यात दात लावायचे नाहीत. मराठी लेखनात मात्र दोन्हीकडे 'व्ह'च आहे, तेव्हा हे वाक्य फळ्यावर इंग्रजी लिपीतच लिहा.