झाशीच्या राणीचा वेश: मुलीला नऊवारी कशी नेसवायची

18 जूनला ग्वाल्हेरच्या फुलबागेतल्या समाधीपाशी राणीचं स्मरण होतं. त्या दिवशी मुलीला झाशीची राणी करायचं असेल, तर कापड घेण्याआधी प्रसंग कोणता ते ठरवा. वेश त्यावरच अवलंबून आहे.

झाशीतला प्रसंग असेल तर नऊवारी, आणि तीही पांढरी. 1853 च्या नोव्हेंबरात राणीचे पती गंगाधरराव गेले. पुढच्या वर्षी राणीला भेटलेला वकील जॉन लँग याने साधी पांढरी मलमल आणि कानांत सोनं, एवढंच लिहून ठेवलं आहे. भरजरी शालू, नथ, ठुशी घातली की मुलगी नवरी दिसते, राणी नाही. ग्वाल्हेरजवळच्या कोटा-की-सराय इथली शेवटची लढाई दाखवायची असेल तर नऊवारी नकोच. इंग्रजांच्या नोंदींप्रमाणे राणी तेव्हा घोडेस्वाराच्या पोशाखात होती. पांढरी सुरवार, अंगरखा आणि तीन मीटर मलमलीचा फेटा पुरतो.

आठ-दहा वर्षांच्या मुलीला मोठ्यांची साडी नेसवू नका. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 45 इंच असतो. तो दुमडून दुमडून कमरेला उशी बांधल्यासारखं होतं. 36 इंची पन्ह्याची मलमल पाच मीटर घ्या आणि एकदा धुऊन काढा. कोऱ्या कापडाची खळ निघाली नाही तर निऱ्या फुगतात आणि खोचलेलं निसटतं.

आधी चुडीदार घाला, वर कमरेला सुती नाडी घट्ट बांधा. सगळं खोचायचं ते या नाडीत. वरचा काठ आत दुमडून उंची घोट्यापर्यंत आणा. कापड पाठीमागून घेऊन एक टोक वीतभर पुढे ठेवा आणि बेंबीपाशी गाठ मारा. लांब बाजू डावीकडून पाठीमागे फिरवून उजव्या काखेखालून डाव्या खांद्यावर न्या. पदराला दीड मीटर सोडा आणि पिन लावा. मधे उरलेल्या कापडाच्या चार बोटं रुंदीच्या दहा-बारा निऱ्या करून पुढे खोचा.

आता काष्टा. निऱ्यांचा खालचा काठ बरोबर मधे धरा, दोन पायांमधून मागे काढा, मागचा काठही त्याच्यासोबत वर उचला आणि पाठीच्या कण्यावर नाडीत खोचा. बहुतेक वेश इथेच फसतो. मुलगी ताठ उभी असताना काष्टा ओढून खोचला, तर पहिल्याच ढांगेला सुटतो. म्हणून तिला स्टुलावर घोड्यावर बसतात तशी, दोन्ही बाजूंना पाय सोडून बसवा. मांडीपाशी ताण आला तर काष्टा चार बोटं सैल करा, मग सेफ्टीपिन लावा. पिन आडवी, आणि नाडीसकट सगळ्या थरांतून.

पाठीवर तान्हं बाळ बांधतात ते चूक आहे. दत्तक दामोदरराव 1858 मध्ये आठ-नऊ वर्षांचा होता. बाळाच्या बाहुलीऐवजी मोठ्या मुलासारखी, फेटा घातलेली कापडी बाहुली करा. आत कापूस भरा, वाळू किंवा चिंध्या नकोत. अर्ध्या किलोवर वजन गेलं की मुलगी मागे कलते. अडीच मीटरच्या ओढणीचा मध्य बाहुलीच्या पाठीवर ठेवा. एक टोक खांद्यावरून, दुसरं विरुद्ध काखेखालून आणून गाठ छातीवर मारा. गळ्याजवळ गाठ कधीही नको, पळताना आवळते.

तलवार दोन फुटांची, किंचित वाकडी. पुठ्ठ्याचे तीन थर फेविकॉलने चिकटवा आणि रात्रभर पुस्तकांखाली दाबा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या लांबीच्या दिशेने हव्यात. तरीही मुठीपाशी ती वाकतेच, कारण सगळा झोक तिथे येतो. मधल्या थरात मुठीपासून अर्ध्या पात्यापर्यंत बांबूची पट्टी घाला. टोक गोल ठेवा.

जूनमध्ये ग्वाल्हेरला उघड्या फरशीवर अनवाणी उभं राहवत नाही. पायात मोजडी द्या. फेटा असेल तर तो अगदी शेवटी, तिचा नंबर यायच्या दहा मिनिटं आधी बांधा, आणि त्याआधी पाणी पाजा.